खतखड्ड्याजवळचा जॅक रसेल: ठाण्यातल्या एका सोसायटीतलं प्रकरण

हे प्रकरण एका कुटुंबाचं, त्यांच्या जॅक रसेल टेरिअर जातीच्या चिकू या कुत्र्याचं आणि त्यांच्या सोसायटीचं आहे. कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे. कुत्र्याचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. श्वान-वर्तनाचा सल्लागार म्हणून माझा संबंध आला तो कुत्रा आजारातून उठल्यावर, त्यांच्या पशुवैद्यांनी पाठवलं म्हणून. त्याआधीचं सगळं घरच्यांनी सांगितलेलं आणि कागदपत्रांत दिसलेलं आहे.

## पार्श्वभूमी

ठाण्यात नाल्याकाठी एक जुनी सोसायटी आहे. तिच्यात पहिल्या मजल्यावर चौघांचं घर: आई-वडील दोघं नोकरीला, अकरा वर्षांची मुलगी आणि निवृत्त आजोबा, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात. मुलीला कुत्रा हवा होता. आईची अट एकच होती, कुत्रा लहान हवा. लॅब्रडॉर नको, जर्मन शेफर्ड तर नकोच. विकणाऱ्याने सांगितलं, “जॅक रसेल घ्या. सहा किलोच्या वर जात नाही, केस आखूड, फ्लॅटला एकदम फिट.”

यातलं वजन खरं होतं. चिकू पूर्ण वाढल्यावर खांद्यापाशी साधारण २८ सेंटिमीटर उंच आणि पावणेसहा किलोचा झाला. अंग पांढरं, दोन्ही डोळ्यांवर आणि कानांवर बदामी ठिपके, शेपटीच्या मुळाशी आणखी एक ठिपका. आखूड केसांची बाबही खरी होती, फक्त ते केस वर्षभर गळतात आणि सोफ्याच्या कापडात रुततात, हे कोणी सांगितलं नाही.

विकणाऱ्याने हा कुत्रा कशासाठी तयार झाला तेही सांगितलं नाही आणि घरच्यांनी विचारलं नाही. जॅक रसेल हा टेरिअर, आणि टेरिअर म्हणजे यॉर्कशायर टेरिअरसारखं (यॉर्कीसारखं) काहीतरी मांडीवर बसणारं, अशी त्यांची समजूत होती. बहुतेकांची असते. यॉर्कीच्या पूर्वजांनीही इंग्लंडच्या गिरण्यांमध्ये उंदीर मारले आहेत, पण दीडशे वर्षं प्रदर्शनांसाठी आणि घरासाठी पैदास झाल्यावर त्याची धार बरीच बोथट झाली. जॅक रसेलच्या बाबतीत ते फार कमी झालं. पुढचं सगळं प्रकरण याच फरकाभोवती फिरतं, म्हणून आधी या जातीचं मूळ बघू.

## हा कुत्रा कोणत्या कामासाठी घडला

या जातीला ज्याचं नाव मिळालं तो जॉन उर्फ ‘जॅक’ रसेल हा इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातला पाद्री. जन्म १७९५, मृत्यू १८८३. धर्मकार्याइतकंच त्याचं मन घोड्यावरून करायच्या कोल्ह्याच्या शिकारीत होतं. ऑक्सफर्डला शिकत असताना, १८१९ मध्ये, त्याने एका दूधवाल्याकडून ‘ट्रम्प’ नावाची टेरिअर कुत्री विकत घेतली. पांढरं अंग, डोळ्या-कानांवर बदामी ठिपके, शेपटीच्या मुळाशी एक ठिपका. चिकूच्या घरच्या मुलीने हे वर्णन वाचलं तेव्हा ती उडालीच. दोनशे वर्षांनी तोच आराखडा तिच्या सोफ्यावर झोपलेला होता.

त्या शिकारीत पुढे धावायचे ते हाउंड जातीचे मोठे कुत्रे. टेरिअरचं काम वेगळं. कोल्हा बिळात शिरला की टेरिअरने त्याच्या मागे आत जायचं, त्याच्यावर सतत भुंकायचं आणि त्याला बाहेर पडायला भाग पाडायचं. मारायचं नाही, कारण कोल्हा मेला तर पाठलाग संपला. रसेलला हा संयम महत्त्वाचा वाटे. बिळात मावेल अशी अरुंद, दाबली तर आत जाईल अशी लवचिक छाती, दिवसभर घोड्यांबरोबर पळता येईल असे पाय आणि चिखलातही कोल्ह्यापासून वेगळा ओळखू येईल असा पांढरा रंग, हे सगळं त्या कामातून आलं. आजही जाणकार परीक्षक या कुत्र्याच्या खांद्यामागे दोन्ही हातांचा विळखा घालून छाती मापतात. लहान जॅक रसेलच्या आंतरराष्ट्रीय मानकात कोपरांमागे छातीचा घेर ४० ते ४३ सेंटिमीटर दिला आहे.

रसेल १८७३ मध्ये स्थापन झालेल्या, कुत्र्यांच्या जातींची नोंदणी करणाऱ्या ब्रिटिश केनेल क्लबच्या सुरुवातीच्या सदस्यांपैकी होता, पण स्वतःचे टेरिअर त्याने प्रदर्शनांपासून लांबच ठेवले. त्याच्या मृत्यूनंतर हे नाव जवळपास शंभर वर्षं कुठल्याही लहान, पांढऱ्या, काम करणाऱ्या टेरिअरला लागत राहिलं. उंच पायांचे, बुटके, आखूड केसांचे, राठ केसांचे, सगळे ‘जॅक रसेल’. नोंदणीपेक्षा काम बघून पैदास चालू राहिली. बुटक्या प्रकाराची जात म्हणून पक्की घडण मुख्यत्वे ऑस्ट्रेलियात झाली आणि आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाने तिला २००० साली तात्पुरती मान्यता दिली. ब्रिटिश केनेल क्लबने उंच पायांचा प्रकार १९९० मध्ये स्वीकारला, तो आता पार्सन रसेल टेरिअर म्हणून ओळखला जातो. बुटक्या जॅक रसेलला मात्र त्यांनी थेट २०१६ मध्ये जागा दिली. म्हणजे ही जात कागदावर नवी आणि कामात जुनी आहे.

आता या कामाचा वर्तनाशी काय संबंध, ते सांगतो. बिळात शिरलेल्या कुत्र्याला मालक दिसत नाही, त्याची हाक नीट ऐकू येत नाही. पुढे काय करायचं हे अंधारात, तोंडासमोर दात असताना, त्याने एकट्याने ठरवायचं असतं. मेंढपाळाचा कुत्रा दर क्षणी मालकाकडे बघतो. टेरिअरने तसं बघत बसावं असं कोणालाच नको होतं. चावा बसला तरी मागे न हटणारा, अखंड भुंकणारा, माती उकरून वाट काढणारा कुत्रा निवडला गेला, आणि पिढ्यान्‌पिढ्या निवडला गेला. चिकूबद्दल सोसायटीत ज्या तक्रारी झाल्या त्या बरोबर याच होत्या: भुंकतो, उकरतो, ऐकत नाही, चावा बसला तरी सोडत नाही.

## अडचण कशी वाढत गेली

साताठ महिन्यांचा असताना चिकूने सोफ्याची उशी उकरायला सुरुवात केली. गॅलरीतून खारी आणि कबुतरं दिसली की तासन्‌तास भुंकणं. घरच्यांनी हे ‘वय’ म्हणून सोडून दिलं. फिरवणं सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा मिनिटं, तेही आवारातच.

आवारात बागेच्या कोपऱ्यात ओल्या कचऱ्याचा खतखड्डा होता. झाकण तुटलेलं, आत शिजवलेलं अन्नही पडायचं. शेजारच्या कट्ट्यावर दोन-तीन घरं रोज कबुतरांना दाणे टाकायची. नाला भिंतीपलीकडेच. अशा जागी घुशी नसत्या तरच नवल. खड्ड्याभोवती मातीत घुशींची बिळं होती आणि ती सगळ्यांना माहीत होती.

चिकूचा दुसरा पावसाळा. जुलैमधल्या एका संध्याकाळी तो नानांच्या हातून पट्ट्यासकट निसटला आणि खड्ड्याजवळच्या बिळाला भिडला. नाना हाका मारत राहिले. पाच मिनिटांत त्याने जवळपास स्वतःच्या अंगाएवढा खड्डा केला, एक मोठी घूस बाहेर ओढली आणि झटके देऊन मारली. त्याचा वरचा ओठ फाटला होता. बागेत खेळणारी मुलं बघत होती. काही रडली, काही ओरडली.

यानंतर जे झालं ते मला या प्रकरणातलं सर्वांत निर्णायक वळण वाटतं. अर्ध्या सोसायटीने नाक मुरडलं आणि उरलेल्या अर्ध्या सोसायटीने कौतुक केलं. “फुकटात पेस्ट कंट्रोल,” असं तळमजल्यावरचे एक काका म्हणाले. वॉचमन रात्री नानांना खालून हाक मारायला लागला, “नाना, आणा वाघाला, पार्किंगमध्ये एक दिसलीय.” नानांनाही अभिमान वाटला, आणि त्यात चुकीचं काही नाही. ज्या कुत्र्याला सगळे घरात बोलत होते त्याने पहिल्यांदा काहीतरी करून दाखवलं होतं. पुढच्या तीन आठवड्यांत चिकूने अजून चार-पाच उंदीर-घुशी मारल्या. प्रत्येक शिकारीमागे माणसांची गर्दी, शाबासकी, आरडाओरडा. घरात मात्र तो अधिकच सैरभैर झाला. रात्री दाराला नखं मारायचा, खाली जायचं म्हणून.

ऑगस्टमध्ये तो आजारी पडला. आधी खाणं सुटलं, मग ताप, उलट्या, पाय जड. पशुवैद्यांनी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडं नीट काम करत नव्हती. पीसीआर तपासणीत लेप्टोस्पायरोसिस निघाला. पावसाळ्यात मुंबई-ठाण्यात माणसांना होणारा ‘लेप्टो’ तो हाच. उंदीर-घुशींच्या लघवीतून जंतू बाहेर पडतात, ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात टिकतात आणि जखमेतून किंवा डोळ्या-तोंडाच्या ओल्या त्वचेतून शरीरात शिरतात. फाटलेल्या ओठाने चिखल उकरणाऱ्या कुत्र्याला याहून सोपी वाट कुठली? चिकूचा लेप्टोचा वार्षिक डोस एप्रिलमध्ये द्यायचा होता, तो राहून गेला होता.

सलाइन, डॉक्सिसायक्लिन, दवाखान्याच्या रोजच्या फेऱ्या. तो वाचला. आजारी कुत्र्याच्या लघवीतून हा आजार माणसाला होऊ शकतो, म्हणून घरातल्या चौघांनाही डॉक्टरांकडे जावं लागलं. कोणालाही लागण झाली नव्हती. पण आईने त्या आठवड्यात ठरवलं की हा कुत्रा या घरात राहणार नाही.

त्याच सुमाराला सोसायटीच्या कमिटीने दोन कामं केली. कुटुंबाला नोटीस दिली की कुत्रा बागेत दिसता कामा नये. आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावून खड्ड्याभोवती विषारी वड्या टाकल्या, उघड्यावर.

## समोर असलेले पर्याय

घरातल्या बैठकीला मी होतो. आई आणि वडील एकमेकांशी बोलत नव्हते, दोघंही माझ्याशी बोलत होते. म्हणून पहिल्यांदा एकच गोष्ट विचारली: कुत्र्याचं रोजचं काम कोण करतं? खाणं, पुसणं, दवाखाना, केस काढणं, शेजाऱ्यांची बोलणी ऐकणं, यातलं बहुतेक सगळं आईच करत होती. तेव्हा तिचं मत हे ‘विरोध’ म्हणून बाजूला सारण्यासारखं नव्हतं. पर्याय तिच्यापासून सुरू झाले.

तिचा पर्याय होता मुरबाडकडच्या एका नातेवाइकाच्या फार्महाऊसवर चिकूला पाठवण्याचा. मोकळी जागा, भरपूर पळणं. ऐकायला हे योग्यच वाटतं आणि असे अनेक टेरिअर फार्महाऊसवर पोचतात. माझा विरोध दोन कारणांसाठी होता. एक, तिथे कोंबड्या होत्या. दुसरं आणि मोठं, साप. टेरिअर सळसळ ऐकून मागे सरकत नाही, तोंड घालतो. नाग आणि घोणस असलेल्या भागात सहा किलोचा कुत्रा देखरेखीविना सोडणं म्हणजे त्याचा एक-दोन पावसाळ्यांत मृत्यू होण्याची बरीच शक्यता स्वीकारणं. शिवाय नातेवाईक तिथे फक्त शनिवार-रविवारी जात. बाकी दिवस माळ्याच्या भरवशावर.

वडिलांचा पर्याय होता एका प्रशिक्षकाकडे ठेवण्याचा. कुत्रा तिथेच राहणार, गळ्यात विजेचा पट्टा, महिन्याभरात ‘सरळ’. इथे जातीचा इतिहास थेट कामाला आला. बिळात तोंडावर चावा बसूनही मागे न फिरणारा कुत्रा मुद्दाम घडवलेला आहे. शिकारीच्या भरात असताना वेदनेने तो थांबेलच असं नाही. मग विजेचा जोर वाढवावा लागतो, आणि त्यातून बरेचदा घाबरलेला, माणसांवर गुरगुरणारा कुत्रा परत येतो. घरात अकरा वर्षांची मुलगी आहे.

नानांचं म्हणणं साधं होतं. लस द्या आणि त्याला त्याचं काम करू द्या. मला या मताबद्दल आदर आहे, कारण कुत्र्याला काम हवं हे या घरात फक्त त्यांनाच दिसलं होतं. पण लेप्टोची लस जंतूंच्या ठरावीक प्रकारांपुरतीच संरक्षण देते, सगळ्यांविरुद्ध नाही. आणि आता मध्ये विष आलं होतं. ब्रोमॅडिओलोनसारखं रक्त न गोठू देणारं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्त होऊन काही दिवस फिरतो. तो कुत्र्याने खाल्ला, किंवा वडीच खाल्ली, तर लक्षणं तीन ते पाच दिवसांनी दिसतात, तोवर आत रक्तस्राव सुरू झालेला असतो. त्यावर जीवनसत्त्व के-१ हा उतारा आहे, वेळेत कळलं तर. झिंक फॉस्फाइड वापरलेलं असेल तर उताराच नाही.

नसबंदीचाही विषय निघाला. ती इतर कारणांसाठी योग्य ठरू शकते, पण शिकारीची ओढ हार्मोनवर अवलंबून नसते, त्यामुळे या अडचणीवर ते उत्तर नव्हतं. घरातच बांधून ठेवणं हा शेवटचा पर्याय कोणी मोठ्याने बोललं नाही, तरी नोटीस आल्यापासून तो प्रत्यक्षात चालूच होता. आखूड साखळीने जनावर अवाजवी काळ बांधून ठेवणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. त्याहून जवळचं कारण म्हणजे चिकू साखळी चावून चावून दात झिजवत होता.

शेवटी ठरलं ते असं: चिकू राहील, पण दिवाळीपर्यंत. तोवर दोन्ही आघाड्यांवर काम करायचं, घरात आणि बागेत. दिवाळीनंतर आई ठरवेल आणि ते सगळ्यांना मान्य असेल. तिने ही मुदत मान्य केली ती नानांनी सकाळची सगळी जबाबदारी आणि वडिलांनी संध्याकाळची जबाबदारी लेखी घेतल्यावर. फ्रिजवर कागद चिकटवला, त्यावर सह्या झाल्या.

## काय केलं

आधी एक शंका दूर केली. पांढऱ्या रंगाचं प्रमाण जास्त असलेल्या कुत्र्यांमध्ये, जॅक रसेलमध्येसुद्धा, जन्मजात बहिरेपणा आढळतो. नानांना खात्री होती की चिकूला कमी ऐकू येतं. तो पाठमोरा झोपलेला असताना पलीकडच्या खोलीत बिस्किटाचा पुडा हलवला, तो ताडकन उठला. दोन्ही बाजूंनी करून पाहिलं. एका कानाचा दोष अशा घरगुती चाचणीत सुटू शकतो, पण हाक ऐकू न येण्याइतका तो बहिरा नव्हता. बिळाशी असताना त्याला नानांची हाक महत्त्वाची वाटत नव्हती, इतकंच.

म्हणून बिळाशी हाक मारणं बंद केलं. तिथे जिंकणं शक्य नव्हतं आणि प्रत्येक फुकट गेलेली हाक पुढच्या हाकेची किंमत कमी करत होती. त्याऐवजी छातीचा पट्टा आणि दहा मीटरची लांब दोरी आली. हाकेच्या जागी शिट्टी आली. शिट्टी फक्त घरात आणि नंतर नाल्यापासून लांबच्या मैदानात वाजायची, आणि प्रत्येक वेळी उकडलेल्या चिकनचा तुकडा मिळायचा. आवारात त्याला मोकळं सोडायचं नाही, हा नियम कायमचा. काही जॅक रसेल वर्षानुवर्षांच्या सरावाने मोकळे फिरू शकतात. रस्त्याला लागून फाटक असलेल्या सोसायटीत तो धोका घेण्याचं कारण नाही.

तोंडाला जाळीची मुसकी लावायला शिकवलं. तीत तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत, नाहीतर आपल्या दमट हवेत कुत्रा तापतो. कापडाची घट्ट मुसकी त्यासाठी चालत नाही. सुरुवातीला मुसकीच्या आत दही लावायचं, त्याने आपणहून नाक घालायचं, पट्टा लावायचा नाही. सुमारे दोन आठवड्यांनी तो मुसकी दिसली की शेपूट हलवायला लागला. शेजाऱ्यांना ती भीतीदायक वाटेल अशी आईला चिंता होती. झालं उलटं, मुसकी बघून लोक निश्चिंत झाले.

मग काम. यावर मी सगळ्यात जास्त वेळ दिला, कारण काढून घेतलेल्या शिकारीच्या जागी काही दिलं नाही तर बाकीचं टिकत नाही. गॅलरीत प्लास्टिकचा मोठा टब, त्यात वाळू, वाळूत पुरलेली खेळणी आणि खाऊ. उकरायची जागा ही एकच. सकाळचं जेवण वाटीत न देता घरभर लपवायचं. पुढे मुलीने त्यात स्वतःची भर घातली: भोकं पाडलेल्या छोट्या डब्यांपैकी एकात लवंग, बाकी रिकामे, आणि लवंगेचा डबा सापडला की त्यासमोर बसायचं. हा खेळ चिकू वेड्यासारखा खेळायचा आणि नंतर दोन-दोन तास झोपायचा. नाकाने केलेलं काम धावण्यापेक्षा जास्त दमवतं, हे टेरिअर पाळणाऱ्यांनी लवकर शिकावं.

वडिलांच्या वाट्याला ओढाओढ आली. काठीला दोरी, दोरीला कापडाची चिंधी, ती जमिनीवरून पळवायची. पाठलाग, पकड, झटके, सगळं त्यात आहे. अट अशी की ‘सोड’ म्हटल्यावर सोडलं तरच खेळ पुन्हा सुरू. दात लावून धरणं ज्याच्या रक्तात आहे त्याला सोडायला शिकवायचं तर सोडण्यातूनच पकडण्याची पुढची संधी मिळाली पाहिजे. भुंकण्यासाठी फार काही केलं नाही. गॅलरीच्या खालच्या अर्ध्या भागाला चटई बांधली, कबुतरं दिसेनाशी झाली, दुपारचं भुंकणं बरंच उतरलं.

सोसायटीच्या आघाडीवर पहिला प्रश्न होता बोलण्याची सुरुवात कशी करायची हा. वडिलांनी पशु कल्याण मंडळाच्या २०१५ मधल्या मार्गदर्शक सूचना छापून आणल्या होत्या. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि बागेत सरसकट मनाई करण्याऐवजी वेळा ठरवाव्यात, असं त्यांत आहे. ते बरोबरच होतं. पण तो कागद पहिल्या भेटीत टेबलावर टाकला असता तर सेक्रेटरींनी वकिलाचा कागद आणला असता. आम्ही कुत्र्याबद्दल न बोलता घुशींबद्दल बोललो. लहान मुलं त्याच मातीत खेळतात, तिथे लेप्टो निघाला आहे, आणि त्याचं निदान एका कुत्र्यामुळे आधी झालं. पशुवैद्यांचा अहवाल दाखवला.

मागण्या मोजक्या ठेवल्या. खतखड्ड्याला जाळीचं घट्ट झाकण आणि तळाला सिमेंट. शिजवलेलं अन्न खड्ड्यात नाही. कबुतरांचे दाणे बंद. विषाच्या वड्या उघड्यावर नकोत, कुलूपबंद डब्यात, आणि कुठे ठेवल्या, कोणतं औषध, हे नोटीस बोर्डावर. चिकू बागेत पहाटे आणि रात्री, मुसकी लावून, दोरीवर. वॉचमनला सेक्रेटरींनीच सांगितलं की कुत्र्याला घुशींवर घालायचं नाही.

## काय झालं

झाकण आणि सिमेंटचं काम व्हायला गणपती उलटले. वड्यांचे डबे लगेच आले. कबुतरांच्या दाण्यांवरून सर्वसाधारण सभेत सगळ्यात मोठं भांडण झालं, कुत्र्यावरून झालं त्यापेक्षा मोठं, आणि ते आजही पूर्ण मिटलेलं नाही. एक घर अजून पहाटे दाणे टाकतं.

चिकूची मूत्रपिंडं पुढच्या दोन तपासण्यांत ठीक निघाली. बरा झाल्यावर लेप्टोची लस पुन्हा दोन डोसांत दिली आणि वार्षिक डोस मे महिन्यावर आणला, म्हणजे पाऊस लागण्याआधी शरीर तयार असतं. ऑक्टोबरपर्यंत रात्री दाराला नखं मारणं थांबलं. शिट्टीला तो मैदानात दहापैकी आठ-नऊ वेळा येतो. खड्ड्याजवळ अजूनही येत नाही. तिथून जाताना त्याचं सगळं अंग ताठ होतं, कान पुढे, एक पाय उचललेला. दोरी असते, मुसकी असते, तो पुढे जातो. ही ओढ गेलेली नाही आणि जाईल असं मी कुटुंबाला कधी सांगितलं नाही. नोव्हेंबरमध्ये जिन्याखाली त्याने एक उंदीर मारलाच, मुसकी काढल्यावर दाराशी पोचेपर्यंतच्या वेळात.

दिवाळीनंतर आईने निर्णय आणखी सहा महिने पुढे ढकलला. तिच्या शब्दांत, “कुत्रा बदलला नाही, घर बदललं. हे टिकतंय का बघायचंय.” फ्रिजवरचा कागद अजून आहे.

## वेगळं काय करता आलं असतं

पिल्लू घेण्याआधी उंची-वजनाऐवजी कामाबद्दल एकच प्रश्न विचारला असता तर हे कुटुंब बहुधा दुसऱ्या जातीकडे वळलं असतं. आईचं म्हणणं तसंच आहे. मुलीचं नाही. पिल्लू घेतल्यावरही सहा महिन्यांच्या आत वास आणि उकरणं यांना जागा दिली असती तर सोफा वाचला असता आणि बीळ दिसलं तेव्हा दुसरं काही करायची सवय आधीच तयार असती.

पहिल्या घुशीनंतरचे तीन आठवडे सर्वांत महाग पडले. त्या संध्याकाळी दोरी घट्ट धरून शांतपणे घरी जाणं, ओठाची जखम धुऊन त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जाणं आणि राहिलेल्या डोसाची तारीख तपासणं, एवढं झालं असतं तर आजार कदाचित टळला असता. शिकार ही स्वतःच बक्षीस असते. त्यावर माणसांच्या टाळ्या पडल्या की ती कुत्र्याची नोकरी बनते.

क्रमही बदलता येईल. खतखड्डा बंद होईपर्यंत कुत्र्याला त्या आवारात शिकवणं फार अवघड गेलं, कारण जिवंत बिळापासून तीस पावलांवर आपण त्याला दुर्लक्ष करायला सांगत होतो. अशा प्रकरणात आता मी पहिले काही आठवडे सगळं फिरणं आवाराबाहेर ठेवायला सांगेन आणि सोसायटीचं काम पहिल्या दिवसापासून सुरू करेन, घरातली बैठक संपायची वाट न बघता.

एक निर्णय अजून बाकी आहे. शेजारच्या कॉम्प्लेक्समधल्या एका घरात जॅक रसेल मादी आहे आणि ते ‘एकदा पिल्लं काढू’ म्हणून मागे लागले आहेत. वडील तयार आहेत. या जातीत डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकण्याचा आनुवंशिक आजार आहे, साधारण तीन ते आठ वर्षांच्या वयात दिसतो आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर डोळा जातो. सदोष जनुक दोन्हीकडून आलं तर पिल्लाला धोका, एकाकडून आलं तर ते बहुतेक वेळा बाहेरून निरोगीच दिसतं. म्हणून बघून काही कळत नाही, जनुकीय चाचणीच करावी लागते. ती दोघांचीही झाल्याशिवाय आणि पिल्लं कोणत्या घरी, कोणत्या कामाला जाणार हे ठरल्याशिवाय पैदास करू नये, असं मी लेखी दिलं आहे. चिकू अजून तीन वर्षांचाही नाही. डोळा लाल दिसला, निळसर झाला, तो एक डोळा मिटून फिरू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना, ही ओळ आईने फ्रिजवरच्या कागदात स्वतःच्या अक्षरात वाढवली आहे.